अकरा लाल फुल्या

एका पानाचा अर्ज आणि त्याची फाइल दीड-दोन एमबीची, असलं दुखणं घेऊन लोक माझ्याकडे यायचे. ‘बाई, फ्लॉपीत जाऊन नाई राह्यली जी, काही तरी करा.’ मी चष्मा लावायची, फाइल उघडायची आणि डॉक्टर पोट दाबून पाहतो तशी तिला इकडून तिकडून चाचपायची. अर्ध्या तासात फाइल शंभर केबीच्या आत. चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही ते मूल एवढ्या टापूत हे काम येणारं दुसरं कोणी नाही, असं मी तेव्हा येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायची, आणि ते बऱ्यापैकी खरंही होतं.

आता दुकान बंद करून बरीच वर्षं झाली. दिवाळी अंकासाठी ‘त्या दिवसांतल्या गमतीजमती’ लिहा, असं संपादक फोनवर म्हणाले. मी हो म्हटलं आणि महिनाभर कोरा कागद घेऊन बसले. गमती आहेत, नाही असं नाही. पण आठवायला बसलं की दर वेळी मधे एक तलाव येतो आणि पुढचं काही आठवू देत नाही. तेव्हा दोन गमती सांगून टाकते, मग तलावाचंच सांगते.

माझं मूळचं टायपिंग इन्स्टिट्यूट. सकाळपासून दहा मशिनींची खडखड, आणि मी हातात पट्टी घेऊन मधून फिरणारी. नव्वदचं दशक सरता सरता कचेऱ्यांना कॉम्प्युटरचं वेड लागलं. मी चंद्रपूरला जाऊन तीन महिन्यांचा कोर्स केला, एक कॉम्प्युटर घेतला आणि मशिनी एकेक करून कबाड्याच्या ठेल्यावर चढवल्या. त्या गेल्या त्या दिवशी दुकान इतकं चूप झालं की मला जेवण गेलं नाही.

नव्या पिढीला फ्लॉपी सांगायला हवी. हाताच्या तळव्याएवढी चौकोनी चकती, तिच्यात दीड एमबीसुद्धा मावत नसे. आजच्या मोबाइलचा एक फोटो तिच्यात बसणार नाही. पण आमचं सगळं सरकारदरबारी जाणं-येणं तिच्यावर. म्हणून फाइलचं वजन हा आमच्या धंद्याचा मोठा विषय होता.

हे वजन कुठून येतं, ते मला एका गुरुजींनी शिकवलं. म्हणजे त्यांच्या अर्जानं. बदलीचा अर्ज, पान एकच, आणि फाइल पाचशे केबीची! मी चक्रावले. तेव्हाच्या वर्डमध्ये घाईनं सेव्ह करायची एक सोय होती. तुम्ही ओळ पुसली की ती पडद्यावरून जायची, पण फाइलमधून जायची नाही. आत कुठेतरी पडून राहायची, वर नवीन ओळ चढायची. मी एक खटपट करून आतला मजकूर बाहेर काढला आणि हसून हसून बेजार झाले. गुरुजींनी बदलीसाठी आठ कारणं लिहून पुसली होती. आईचा दमा, स्वतःची कंबर, क्वार्टरमध्ये निघणारे साप, बायकोचं माहेर. शेवटी ‘कौटुंबिक अडचण’ एवढंच ठेवलं होतं. आणि सगळ्यात खाली, साहेबांना उद्देशून, एक पुसलेलं वाक्य होतं, ‘तू माणूस आहेस का रे?’

गुरुजींना दाखवलं तर त्यांचा चेहरा पांढराफटक. ‘बाई, हे साहेबाले दिसन का जी?’

‘दिसणार नाही. पण आत आहे.’

मी ती सोय बंद केली, मजकूर नव्या कोऱ्या फाइलमध्ये उतरवला, फाइल पंचवीस केबीवर आली. गुरुजी पुढची चार वर्षं मला बाजारात भेटले की लांबूनच हात जोडायचे.

दुसरी गोष्ट अक्षरांची. तेव्हा मराठी टाइप करायला प्रत्येक दुकानात वेगळा फॉन्ट. माझ्याकडे टाइप केलेला एका ग्रामपंचायतीचा ठराव तालुक्याला उघडला तर इंग्रजी अक्षरं, टिंबं, डॉलरच्या खुणा. सरपंच माझ्या दुकानात येऊन तावातावानं बोलले, ‘आमी ठराव देल्ला अन् तुमी गिचमिड पाठवली! साहेब म्हणे, ह्या शिव्या कोण्या भाषेतल्या व्हय?’ चूक माझीच होती. फॉन्ट माझ्या मशीनमध्ये होता, त्यांच्या मशीनमध्ये नव्हता. तेव्हापासून मी फॉन्टची फाइल फ्लॉपीत सोबत द्यायला लागले. आपल्या मशीनवर दिसतं म्हणजे दुसऱ्याच्या मशीनवर दिसेलच असं नाही, हे मी दुकानात शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या दिवशी सांगायची. घोकून घ्यायची. हे ध्यानात ठेवा, कारण पुढे मीच ते विसरले.

देवाजी मांदाळे पहिल्यांदा आले ते खांद्यावर बांबूची नळी घेऊन. साठीचे असतील. अंगानं काटकुळे, बोटांच्या मधल्या कातडीवर जाळ्याच्या दोरीचे वळ. मूलकडच्या एका गावातले ढीवर, तिथल्या मासेमारी संस्थेचे अध्यक्ष. संस्था म्हणजे पस्तीस-चाळीस घरं आणि एक तलाव. मालगुजारांच्या, म्हणजे जुन्या जमीनदारांच्या काळातला तलाव, पिढ्यान् पिढ्या हीच घरं त्यात मासे धरत आणि शिंगाडे लावत. पण तलाव सरकारी झाल्यापासून त्याचा पट्टा दर पाच वर्षांनी नव्यानं मागावा लागे. आजवर कोणी दुसरं मागायला आलं नव्हतं. त्या वर्षी शहरातली एक नवी संस्था आली. त्यांच्याकडे वकील होता, जीप होती, आणि त्यांना तलाव हवा होता.

‘आमी इथलेच आहो, हे दाखवाचं आहे जी,’ देवाजीभाऊ म्हणाले. ‘कागद आहे आमच्याजवळ.’

नळीच्या तोंडाचा चिंधीचा बोळा काढून त्यांनी कागद उलगडला. मालगुजारानं दिलेला, दोन पानं आणि एक हातानं काढलेला नकाशा. पाळ, तुडुम म्हणजे पाणी सोडायचं दार, सांडवा, आणि काठानं प्रत्येक घाटावर कोणत्या घरानं जाळं टाकायचं त्यांची नावं, मुंगीएवढ्या अक्षरात. कागद चुलीच्या धुरानं तपकिरी झालेला. झेरॉक्स काढून पाहिली तर सगळं काळंठिक्कर. म्हणून रंगीत स्कॅन करायचं ठरलं.

‘कागद ठेवून जा भाऊ, निवांत करते.’

‘नाई जी. कागद मी सोडत नाई.’ त्यांच्या वडिलांनी एकदा घराच्या जागेचा असाच कागद एका कचेरीत तपासायला दिला होता. तो परत आला नाही, आणि जागाही गेली. मरताना म्हातारा एवढंच सांगून गेला, की मूळ कागद कोणाच्या हातात द्यायचा नाही. त्यामुळे देवाजीभाऊ स्टुलावर बसून राहिले. स्कॅनरचा उजेड कागदाखालून सरकायला लागला तसे अर्धे उठले. ‘हे मशीन कागद खात नाई ना जी?’

वरच्या कार्यालयात त्या वर्षी एक हौशी साहेब आले होते. त्यांनी फर्मान काढलं होतं: कागदावर फक्त अर्ज घ्यायचा, पुरावे एकाच फाइलमध्ये, एकाच फ्लॉपीत. कागदाला काही जोडलं तर परत. झिप केलेली फाइल चालणार नाही, कारण तिकडच्या मशीनवर ती उघडत नाही. पट्टा कोणाला, ते या पुराव्यांवर ठरणार होतं.

पुरावे अकरा. मालगुजाराच्या कागदाची दोन पानं, नकाशा, आणि आठ फोटो. त्यातला एक जुना, देवाजीभाऊंचे वडील पाळीवर उभे, दोन्ही हातात मरळ मासा, मागे जाळी वाळत घातलेली. बाकी मूलच्या फोटोवाल्याला नेऊन काढलेले: गुडघाभर पाण्यात शिंगाडे तोडणाऱ्या बाया, डोंग्यावरून जाळं फेकणारी माणसं. एका फोटोत देवाजीभाऊंची बायको गिरजाबाई होती, टोपली कमरेवर घेऊन, फोटोवाल्याकडे रागानं पाहत.

मी सगळं फाइलमध्ये बसवलं, सेव्ह केलं. मशीन बराच वेळ कुथत राहिलं. फाइल झाली होती सतरा एमबीची.

आता सांगते मी काय काय केलं. आधी फोटोंचे कोपरे ओढून ते लहान केले. वजन तेवढंच. मोठं गाठोडं लांबून पाहिलं म्हणजे लहान दिसतं, उचलायला गेलं की कळतं, तसं हे. मग कडा कापल्या. कापलेल्या कडा पडद्यावरून गेल्या, आत शाबूत, गुरुजींच्या ओळींसारख्या. घाईचं सेव्ह तर कधीचंच बंद होतं. सगळं नव्या फाइलमध्ये उतरवलं, सतराची सोळा झाली. मग स्कॅनच हलका केला. फाइल चार एमबीवर आली, पण नकाशावरची नावं पुसट डाग झाली.

‘नावं दिसली पाह्यजेत बाई,’ देवाजीभाऊ म्हणाले. ‘नावं नाई तं मंग तलाव कोणाचाई व्हते.’

आज कुठलंही पोर सांगेल, की फोटो अमुक प्रकारात सेव्ह करा, दहावा हिस्सा होतो, नावंही दिसतात. मला ते माहीत नव्हतं. तीन महिन्यांच्या कोर्समध्ये ते नव्हतं आणि विचारायला आजूबाजूला कोणी नव्हतं. आणि खरं सांगायचं तर विचारायची मला सवयच नव्हती. मी लोकांना सांगणारी बाई होते.

मुदतीला दोन दिवस उरले. दोन्ही दिवस देवाजीभाऊ सकाळच्या एसटीनं येऊन स्टुलावर बसत, नळी मांडीवर आडवी. दुसऱ्या दिवशी दुपारी मला फोटो घालायच्या खिडकीत एक लहानसा चौकोन दिसला. फोटो फाइलमध्ये न ठेवता नुसता जोडायचा. मी अकराही तसे घातले, सेव्ह केलं, आणि वजन पाहिलं.

अठ्ठावन्न केबी!

मी खुर्चीतून उठले. खरंच उठले. सतरा एमबीचे अठ्ठावन्न केबी, आणि पडद्यावर सगळं जसंच्या तसं: तपकिरी कागद, मुंगीची अक्षरं, म्हाताऱ्याच्या हातातला मरळ. ‘भाऊ, पाहा!’ म्हटलं. ‘तुमचा तलाव एवढ्याशात बसवला.’ त्यांना त्यातलं काय कळलं कोण जाणे, पण मी हसतेय म्हणून तेही हसले. मी फाइल फ्लॉपीत घातली, फॉन्ट घातला, फ्लॉपी बाहेर काढून पुन्हा आत घातली, उघडून पाहिली. अकराच्या अकरा फोटो हजर. एक फ्लॉपी त्यांना दिली, एक स्वतःजवळ ठेवली. अर्जाच्या कागदावर ओळ टाइप केली, ‘पुराव्याची कागदपत्रे, नकाशा व छायाचित्रे सोबतच्या फ्लॉपीत आहेत.’ ते मुदतीच्या दिवशी सकाळी जाऊन देऊन आले.

ती फ्लॉपी मी माझ्याच मशीनवर तपासली होती. पुढचं सगळं एवढ्या एका गोष्टीतून झालं.

दीड महिन्यानं देवाजीभाऊ पत्र घेऊन आले. मी वाचून दाखवलं. अर्ज नामंजूर. पुरावे म्हणून नमूद केलेला नकाशा, कागदपत्रे व छायाचित्रे सादर केलेली नाहीत. तलाव शहरातल्या संस्थेला.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. ‘सादर केली नाहीत? मी स्वतः घातलीत!’ मी फाइल उघडली. ‘हे पाहा भाऊ, हा नकाशा, हा कागद, हे तुमचे वडील. डोळे फुटलेत का त्या लोकांचे?’ आणि मग जे बोलू नये ते बोलले. भरल्या दुकानात, मोठ्यानं. ‘फोटो गायब केलेत हो त्यांनी. जीपवाल्यांनी तोंड दाबलं असेल कोणाचं तरी. असल्या लोकांच्या हातात कागदाचा चिटोराही देऊ नये!’

देवाजीभाऊंनी मान हलवली. त्यांना ते लगेच पटलं. त्यांच्या घराण्यात हे आधी एकदा झालेलं होतं.

आठ दिवसांनी मी स्वतः त्या कार्यालयात गेले, भांडायला. पदर खोचूनच गेले म्हणा. तिथला बाबू एक थकलेला, सभ्य माणूस. माझं सगळं ऐकून घेतलं, कपाटातून देवाजीभाऊंची फ्लॉपी शोधून काढली, मशीनमध्ये घातली. ‘मॅडम, तुम्हीच पाहून घ्या.’

मजकूर होता, मराठी सुरेख दिसत होती. आणि जिथे जिथे फोटो असायला हवा, तिथे एक रिकामी चौकट आणि कोपऱ्यात लहानशी लाल फुली. मी खाली खाली जात राहिले. अकरा चौकटी, अकरा लाल फुल्या.

मला एका क्षणात कळलं. फोटो फाइलमध्ये नव्हतेच. ते माझ्या दुकानातल्या मशीनमध्ये होते, आणि फाइलमध्ये होता फक्त त्यांचा पत्ता. माझ्या मशीनवर तो पत्ता सापडत होता, म्हणून फोटो दिसत होते. इथे त्या पत्त्यावर काहीच नव्हतं. अठ्ठावन्न केबी काय उगाच झाले होते!

‘पाणी देऊ का?’ बाबूंनी विचारलं. मग म्हणाले, ‘असं होते मॅडम, आमी बी नवीनच आहो याच्यात. अपील करता येते. अजून बारा-तेरा दिवस आहेत. मूळ कागद आणून दाखवा म्हणा त्याइले, साहेब पाहून घेतीन. कागद तेवढा पंधराएक दिवस इथी जमा करावा लागन.’

परतीच्या एसटीत मी ठरवलं, की गेल्या गेल्या देवाजीभाऊंना सगळं सांगायचं. बाजाराच्या दिवशी ते आलेच. दुकानात त्या वेळी चार गिऱ्हाइकं होती. मी म्हटलं, ‘भाऊ, अपील करता येतं. मूळ कागद जमा करावा लागेल.’

‘कुठी?’

‘त्याच कार्यालयात.’

‘बाई, तुमीच तं सांगतलं, त्या लोकाइले चिटोराई देऊ नोका. ज्याइनं फोटो गायब केले ते कागद सोडतीन काय?’

‘तसं नाही भाऊ. तिथला बाबू चांगला माणूस आहे.’

‘घराच्या जागेचा कागद घेतला तो बी चांगलाच व्हता. चा पाजली व्हती त्यानं बापाले.’

इथे बोलायचं होतं. चार शब्दांचं काम होतं: भाऊ, चूक माझी झाली. त्यांनी फोटो गायब केले नाहीत, मी पाठवलेच नाहीत. हे चार शब्द मी मनातल्या मनात जुळवले. गिऱ्हाइकं ऐकत होती. त्यातला एक मूलहून आला होता, फाइल कमी करून घ्यायला. मी म्हटलं, ‘विचार करा भाऊ.’ आणि त्या माणसाच्या फाइलकडे वळले.

पुढच्या बाजाराला मी पुन्हा म्हटलं, कागद द्या. ते पुन्हा नाही म्हणाले, आणि मी पुन्हा कारण सांगितलं नाही. गिरजाबाई त्या दिवशी सोबत होत्या. त्या नवऱ्याला म्हणाल्या, ‘बाई एवढी सांगून राह्यली तं देऊन पाहा नं एकदा.’ ते म्हणाले, ‘तुले काय समजते.’ मला तेव्हा दुकानात कोणी गिऱ्हाइक नव्हतं. म्हणजे तीही सबब मला नव्हती. मी लाजेनं गप्प बसले, भीतीनं गप्प बसले, दुकानाचं नाव जाईल म्हणून गप्प बसले, काय म्हणायचं ते म्हणा. मुदत गेली.

तलाव गेला म्हणजे काय झालं, तेही सांगायला हवं. शहरातल्या संस्थेनं पाळीवर राखणदार बसवले. शिंगाड्याचे वेल उपटून टाकले, जाळी अडकतात म्हणून. देवाजीभाऊ आणि गावातली माणसं त्याच तलावात मजुरीनं जाळं ओढायला लागली. काही घरं बल्लारपूर-घुग्घुसकडे कामाला निघून गेली, ती परत आली नाहीत. गिरजाबाई त्याच तलावातले मासे राखणदाराकडून विकत घेऊन बाजारात बसत. पाच वर्षांनी शहरातल्या संस्थेनं पुन्हा अर्ज केला तेव्हा, गेली पाच वर्षं तलाव कोणाच्या ताब्यात होता, याचा पुरावा त्यांच्याच बाजूनं होता.

आणि या सगळ्या काळात देवाजीभाऊ माझ्या दुकानात येत राहिले! दर बाजाराला. यायचे, स्टुलावर बसायचे, म्हणायचे, ‘दाखवा जी एकडाव.’ मी फाइल उघडायची. माझ्या मशीनवर तलाव जिथल्या तिथे होता. ते पडद्याला बोट न लावता दाखवत जायचे, हा आमचा घाट, हा मोठ्या भावाचा, इथी बाप बुडता बुडता वाचला. फोटोतल्या गिरजाबाईंवर आले की म्हणायचे, ‘पाहा कशी रागानं पाह्यते.’ मग उठायचे, ‘येतो जी.’ मी त्यांना चहा पाजायची. माझ्या हातून तेवढंच होत होतं, आणि तो चहा करतानाही मला त्या दुसऱ्या चहाची, त्यांच्या बापाला पाजलेल्या चहाची आठवण यायची.

एका पावसाळ्यात माझं मशीन बसलं. चंद्रपूरच्या मेकॅनिकनं सांगितलं, आतली डिस्क गेली, काही वाचत नाही. लोकांचे अर्ज गेले, ठराव गेले, त्याचं मला काही वाटलं नाही. मला पहिल्यांदा आठवला तो तलाव. फोटोंच्या मूळ फाइली त्या डिस्कवरच होत्या. माझ्याजवळच्या फ्लॉपीत काय आहे, ते मला चांगलं ठाऊक होतं.

मी नवीन मशीन घेतलं. देवाजीभाऊ आले की म्हणायची, ‘अजून सुरू नाही केलं भाऊ.’ दोन बाजार असे घालवले. तिसऱ्या बाजाराला ते आले आणि मशीन सुरू होतं, मी टाइप करत होते. ते स्टुलावर बसले आणि वाट पाहत राहिले. मी हातातलं काम संपवलं. दुसरं संपवलं. तिसरं काम नव्हतं.

तोंडानं जे इतकी वर्षं सांगता आलं नाही ते फ्लॉपीनं सांगावं, एवढंच तेव्हा मनात होतं. मी खणातून ती काढली, मशीनमध्ये घातली.

‘सुरू झालं का जी?’ त्यांनी स्टूल पुढे ओढलं.

फाइल उघडली. पहिली चौकट, लाल फुली. मी खाली गेले. दुसरी. तिसरी. ते पुढे वाकून पाहत होते. ‘फोटो कुठी गेले?’

‘ते जुन्या मशीनमध्ये होते भाऊ. या फ्लॉपीत कधी नव्हतेच.’

मी शेवटपर्यंत नेलं, अकराव्यापर्यंत. तिथे नकाशा असायचा.

‘बाई,’ ते हळूच म्हणाले, ‘त्या साहेबाले बी असंच दिसलं असन काय?’

‘हो.’

‘म्हणजे त्याइनं गायब नव्हते केले.’

‘नाही. चूक माझी होती. मी पाठवलेच नव्हते.’

‘तुमाले कधी मालूम पडलं?’

खोटं बोलायची सोय अजूनही होती. ‘अपिलाला बारा दिवस होते तेव्हा,’ मी म्हटलं.

मला वाटलं, ते ओरडतील. ओरडावं, असं फार वाटत होतं. मांडीवर नळी असल्यासारखे दोन्ही हात तिथे आडवे ठेवून ते बसले होते. नळी त्या दिवशी घरीच होती.

‘मंग म्या कागद देल्ला असता ना जी,’ ते म्हणाले.

मग उठले, टोपी सारखी केली आणि गिरजाबाईंची टोपली उचलू लागायला बाजाराकडे गेले. चहा तसाच राहिला. ते पुन्हा माझ्या दुकानात आले नाहीत.